अर्थशास्त्रास गणिताची जोड

अर्थशास्त्राची पदवी घेऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपुढें आज एक प्रश्न उभा राहतो : गौण विषय म्हणून गणित घ्यावें कीं न घ्यावें ? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें अशी जोड घेण्यास वाव दिला आहे. परंतु गुण घटतील या भयानें पुष्कळ विद्यार्थी, व त्यांच्याहूनही अधिक त्यांचे पालक, कचरतात.

ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि एक नग अधिक काढण्यास खर्च किती वाढतो, हा अर्थशास्त्राचा नित्याचा प्रश्न कलनशास्त्रानेंच नीट सुटतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. १९०२ सालीं सरकारी अंदाजपत्रकांतील शिल्लक हें सुबत्तेचें नव्हे, तर जादा करांचें लक्षण आहे, हें त्यांनीं आंकड्यांनिशीं दाखविलें.

उलटपक्षीं, १८६५ सालीं केंब्रिजच्या गणितपरीक्षेंत दुसरे आलेले आल्फ्रेड मार्शल सांगत कीं, गणित लघुलिपीसारखें वापरावें, निष्कर्ष साध्या भाषेंत मांडावा, आणि मग तें गणित जाळून टाकावें. म्हणजे गणित हें साधन होय, साध्य नव्हे.

म्हणून आमचें मत असें : ज्यास पुढें एम. ए. किंवा संशोधन करावयाचें आहे, त्यानें चार गुण गमावूनही गणित घ्यावें. ज्यास त्याचा मनापासून कंटाळा आहे, त्यानें निदान संख्याशास्त्र तरी शिकावें. पालकांनीं मात्र शेजाऱ्याच्या मुलाचे गुण न पाहतां आपल्या पाल्याचा कल पाहावा, एवढीच आमची विनंति आहे.