बंडिंगच्या साहेबाचं स्मारक

१ जुलै आला की आमच्याकडं कृषी दिन होतो. वसंतराव नाईकांच्या तसबिरीला हार, चार शेतकऱ्यांना शाल-नारळ, मग भाषणं आणि चहा. नाईकसाहेबांचा मान मला कबूल आहे. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते आणि राज्यातली चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच काळात उभी राहिली, आमचं परभणीचं १९७२ सालचं. माझं भांडण त्यानंतरच्या मागणीशी आहे. कुणीतरी उठतो आणि म्हणतो, चौकात कृषी खात्याच्या एखाद्या साहेबाचा पुतळा बसवा, बाजूला बैलजोडी, नांगर, कारंजं. टाळ्या पडतात. कारंजाला पाणी कुठून आणणार, हे कुणी विचारत नाही.

असे पुतळे मी गावोगावी पाहिलेत. पिळदार मिशांचा गडी, डोक्याला फेटा, सिमेंटचे बैल इतके धष्टपुष्ट की जालन्याच्या बाजारात तशी जोडी शोधून सापडायची नाही. बाई मात्र नसते. असलीच तर डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन मागं. खुरपणारी, कापूस वेचणारी, बियाण्याच्या प्लॉटात फुलाफुलावर हातानं परागी करणारी बाई स्मारकवाल्यांना दिसत नाही. आणि हे त्या जालन्यात, जिथं १९६४ मध्ये महिको निघाली आणि बियाण्याच्या धंद्यानं देशभर नाव कमावलं.

बरं, स्मारकच पाहिजे तर जुन्या जालन्यात ते कधीचं आहे. मोती तलाव. मलिक अंबरच्या काळात जालन्याचा कारभार जमशेदखानाकडं होता. त्यानं हा तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून शहरात पाणी खेळवलं. इकडं मलिक अंबर जमिनीचा मगदूर पाहून सारा ठरवत होता, खडकीला नहर आणत होता. त्या काळी सारा, पाणी आणि पीक ही कामं अशी एकमेकांत गुंतलेली. म्हणजे शेतीपाण्याचा अधिकारी म्हणावा असा माणूस आपल्याकडं चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याची ती नळाची व्यवस्था कधीच बंद पडली. तलाव राहिला. त्याची आठवण आपल्याला होते गणपती बुडवायच्या दिवशी, बाकी वर्षभर गाळ आणि जलपर्णी.

माझ्या डोक्यातला कृषी अधिकारी दुसराच आहे. १९७२ च्या दुष्काळात आमचे वडील बंडिंगच्या कामावर होते. लाल मिलोच्या भाकरी, पोरांना सुकडी, आठवड्याला हजेरी. साहेब सायकलवर यायचा, डंपी लेव्हल तिपाईवर चढवायचा आणि पांढऱ्या फक्कीनं रेघ मारायचा. ती रेघ धुऱ्याला धरून कधीच जात नसे. उताराची सारखी पातळी धरून ती वाकडीतिकडी वावरातून निघायची आणि लोकांचं डोकं फिरायचं. "माझ्या वावराचे दोन तुकडे काहून करता, साहेब?" असं म्हणत एकजण फावडं घेऊन आडवा झाला होता, हे वडील नेहमी सांगायचे. साहेब एवढंच म्हणाला, "पाणी सातबारा पाहून वाहत नाही, बाबा." पुढं कितीतरी बांध लोकांनी मोडले, नांगरता नांगरता खाल्ले. जिथं राहिले तिथं माती राहिली. त्या साहेबाचं नाव आमच्या गावात आज कुणालाही सांगता येणार नाही.

त्याच्याच जातकुळीचं काम जालना तालुक्यात कडवंचीला झालं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमातून माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोट बांधून काढला. मग शेततळी आली, द्राक्षं आली. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं, जालना शहर टँकरवर जगलं. कडवंचीच्या द्राक्षबागा शेततळ्यांवर तगल्या. त्याच २०१३ साली नाईकांची जन्मशताब्दी होती आणि परभणीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. नाव द्यायला हरकत नव्हतीच. पण दुष्काळाच्या वर्षी नाव देणं सोपं आणि बांध घालणं अवघड, हे कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं.

कुणी म्हणेल, पुतळ्यानं पोरांना प्रेरणा मिळते. मला एक पोरगं दाखवा, जे चौकातले सिमेंटचे बैल पाहून शेतीत राहिलं. आमच्या गावची पोरं त्या बैलांपाशी उभी राहून पुण्याच्या गाडीची वाट पाहतात.

तेव्हा चौथऱ्याचे पैसे मोती तलावाच्या गाळावर खर्च करा. आणि स्मारकाची हौस राहिलीच असेल तर ज्या बांधांनी, पाझर तलावांनी अजून पाणी धरलंय, त्यांच्या कडेला एकेक दगड रोवा. त्यावर साल लिहा, शिवाराचं नाव, रेघ मारणाऱ्या साहेबाचं नाव आणि मस्टरवरच्या बायामाणसांची नावं. जुने मस्टर कचेरीत वाळवीनं खाल्ले असतील, तर गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. कोण कुठं माती वाहत होती, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. पेंटर गावातलाच बोलवा.