दर वर्षी दहा यार्ड

जानेवारी आला की गोल्फ खेळणाऱ्यांच्या अंगात येतं. ऑर्लँडोला या धंद्याचं मोठं प्रदर्शन भरतं, कंपन्या नवे क्लब बाहेर काढतात, आणि एरवी पार्किंगचे दोन डॉलर वाचवायला अर्धा मैल चालणारी माणसं सहाशे डॉलरच्या ड्रायव्हरबद्दल हळव्या आवाजात बोलायला लागतात. (नातेवाईक मंडळींसाठी: क्लब म्हणजे काठी. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब काठी, जिने पहिला फटका मारतात. गाडी हाकणारा नव्हे. मावशी, हे खास तुझ्यासाठी.)

मी राहतो सॅन डिएगोत. इथून अर्ध्या-पाऊण तासावर कार्ल्सबाड आहे. कॅलवे आणि टेलरमेड या दोन्ही कंपन्यांची मुख्य कचेरी तिथेच. पेणला गणपतीआधी जी लगबग असते, ती इथे नाताळनंतर. फरक एवढाच की पेणचा मूर्तिकार मागच्या वर्षीची मूर्ती खराब होती असं सांगत नाही.

टेलरमेडचंच बघा. २०२० साली सिम, २०२१ ला सिम २, २०२२ ला स्टेल्थ, २०२३ ला स्टेल्थ २, २०२४ ला क्यूआय १०, २०२५ ला क्यूआय ३५. कॅलवेचीही अशीच वंशावळ आहे. दर वेळी तोच सूर: जास्त लांब, जास्त सरळ. आणि दर वेळी दुकानातल्या जाळीत चार चेंडू मारून आलेला कोणीतरी सांगतो, "दहा यार्ड वाढले राव!"

आता साधा हिशोब करू. शाळेतला. दर वर्षी दहा यार्ड म्हणजे वीस वर्षांत दोनशे यार्ड. अमेरिकेच्या पीजीए टूरवर २००३ साली ड्रायव्हरच्या फटक्याची सरासरी होती २८६ यार्ड. २०२३ साली ती होती तीनशेच्या आसपास. म्हणजे वाढले चौदा यार्ड. त्यातही नवा चेंडू, व्यायाम, आहार, सगळं आलं. आणि ही जगातली सगळ्यात भारी माणसं! तुमच्याआमच्यासारख्यांचं मोजमाप ब्रिटनमध्ये झालंय. १९९६ साली हौशी पुरुषांची सरासरी २०० यार्ड होती, २०१९ मध्ये २१६ च्या आसपास. तेवीस वर्षांत सोळा यार्ड. मग बाकीचे गेले कुठे?

कुठेच गेले नाहीत, कारण ते आलेच नव्हते. येऊ शकत नाहीत, असा नियमच आहे. यूएसजीए आणि आर अँड ए या दोन संस्था खेळाचे नियम ठरवतात. क्लबच्या तोंडावरून चेंडू किती उसळावा याला यूएसजीएने १९९८ साली मर्यादा घातली: ०.८३०. चेंडू ज्या वेगाने तोंडावर आदळतो, त्याच्या ८३ टक्के वेगाने परत उडू शकतो, त्याहून जास्त नाही. (कॅलवेने २००० साली ही मर्यादा ओलांडणारा ईआरसी २ काढला, आणि अर्नॉल्ड पामरसारख्या माणसाने हौशी खेळाडूंसाठी त्याची बाजू घेतली तेव्हा केवढा गहजब झाला!) मग २००४ साली डोक्याच्या आकाराला ४६० सीसीची मर्यादा आली. आणि चेंडू मधोमध लागला नाही तर डोकं किती कमी वळावं, यालाही पुढे ५९०० ची मर्यादा आली.

१९९१ साली पहिली बिग बर्था आली तेव्हा तिचं डोकं १९० सीसीचं होतं. तिथपासून ४६० पर्यंतचा प्रवास खराखुरा होता. लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरने खेळलेल्या माणसाला विचारा, तो हात जोडेल. चुकलेला फटका आज पूर्वीपेक्षा कितीतरी सांभाळला जातो, हे मी नाकारत नाही. पण या तिन्ही भिंतींना डोकं लागून बरीच वर्षं झाली. उरलेल्या जागेत कंपन्यांचे हुशार इंजिनिअर तोंडाच्या टाचेकडून, शेंड्याकडून अर्धा-एक यार्ड खरवडून काढतात. कौतुकाचं काम आहे. त्याची जाहिरात मात्र नवं खंड सापडल्यासारखी होते.

२०२४ चा '१० के' हा आकडा आठवतो? पिंगने आणि टेलरमेडने दहा हजारांचा डंका पिटला. मर्यादा ५९०० असताना दहा हजार कसे? तर आडव्या आणि उभ्या अशा दोन दिशांच्या आकड्यांची बेरीज. नियम त्यातल्या एकाच दिशेला लागू होतो. खोटं काही नाही बरं का. मीही गणिताचे आणि भूगोलाचे मार्क एकत्र करून सांगितले असते तर दहावीला शंभराच्या वर गेलो असतो.

आयर्नची गोष्ट याहून मजेदार आहे. १९८० च्या सुमाराला सात नंबरच्या आयर्नचं तोंड ३५-३६ अंश कललेलं असायचं. आज नवशिक्यांसाठी जे आयर्न विकतात, त्यात सात नंबर २८ ते ३० अंशांचा असतो. कल कमी म्हणजे चेंडू लांब. म्हणजे तळावर सात कोरलेलं असलं तरी तो जुना पाच नंबर आहे! वजन खाली नेल्यामुळे चेंडू उंच उडतो, ही त्यातली खरी कारागिरी, ती मान्य. पण "माझा सात नंबर आता १६० जातो" म्हणून पाच तारे देणारा माणूस क्लबला तारे देत नाहीये, कोरलेल्या आकड्याला देतोय. वर गंमत अशी की वेजही तसाच सरळ झाल्यामुळे त्याच्या खाली भगदाड पडतं, आणि ते बुजवायला तीच कंपनी आणखी एक वेज विकते.

आता या मूल्यमापनाकडे येऊ. 'गोल्फ डायजेस्ट' २००४ पासून 'हॉट लिस्ट' काढतं. सोन्याची आणि चांदीची पदकं, यादीत शंभराहून जास्त क्लब. ज्या वर्गात इतक्या मुलांना सोन्याचं पदक मिळतं, तिथल्या मास्तरांबद्दल आपण काय म्हणू? आणि त्याच कंपन्यांच्या जाहिराती त्याच मासिकात पानंच्या पानं असतात. 'मायगोल्फस्पाय' ही साइट मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती घेत नाही असं सांगते आणि आकडे उघड मांडते. ते बरंच बरं. पण तिथेही पहिल्या आणि पाचव्या नंबरात फरक पडतो तो काही यार्डांचा, आणि माझे स्वतःचे लागोपाठचे दोन फटके चाळीस यार्डांनी वेगळे पडतात. मग पहिला घेतला काय आणि पाचवा काय!

सगळ्यात बिनकामाचं म्हणजे गिऱ्हाइकाचं मत. तो ते पहिल्या आठवड्यात लिहितो. सहाशे डॉलर नुकतेच गेलेले असतात, बायकोला सांगायचं बाकी असतं. असा माणूस तीन तारे कसे देईल? तिसऱ्या वर्षी कोणी लिहीत नाही, कारण तिसऱ्या वर्षी तो क्लब त्याच्याकडे नसतो. पिंग निदान दोन वर्षं थांबतं: जी ४२५ आला २०२१ ला, जी ४३० आला २०२३ ला, जी ४४० आला २०२५ ला.

हे सगळं आज लिहायचं कारण माझा टेक्ससमधला भाचा. नोकरी लागून चार महिने झाले, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, आणि ऑफिसातले लोक खेळतात म्हणून हाही शिकतोय. मामा, सोनेरी पदकवाल्यांपैकी कुठला घेऊ, असं विचारतोय. हप्त्यावर मिळतो म्हणे. त्याला कोणीतरी पटवून दिलंय की जुना क्लब घेऊन पहिल्या टीवर उभं राहणं म्हणजे लग्नात बर्म्युडा घालून जाणं. माझा राग आहे तो यावर. आमच्या म्युनिसिपल कोर्सवर सत्तरीचे एक आजोबा वीस वर्षांपूर्वीच्या ड्रायव्हरने दर शनिवारी माझ्याकडून कॉफी जिंकतात. पण नवशिक्याला आजोबा दिसत नाहीत, तारे दिसतात. त्याचा चेंडू उजवीकडे झाडीत गेला की त्याला वाटतं, क्लबच स्वस्तातला होता.

तर भाचेसाहेब, आठ-दहा वर्षांपूर्वीचा कुठल्याही बऱ्या कंपनीचा वापरलेला ड्रायव्हर घ्या, शंभर-दीडशेत मिळेल. शाफ्ट जास्त लांब नको. पूर्वी ड्रायव्हर ४३ इंचांचा असायचा, आता साडेपंचेचाळीसचा असतो, आणि दुकानात वाढलेले यार्ड बरेचसे या अडीच इंचांचे असतात. मधोमध चेंडू लागणं मात्र तेवढंच अवघड होतं. उरलेल्या पैशांत चांगल्या मास्तरकडे पाच-सहा धडे घ्या. आणि हो, वापरलेल्या क्लबची रबरी ग्रिप कडक झालेली असते, ती आधी बदलून घ्या. नाहीतर घामाने हात सटकतो आणि काठी चेंडूपेक्षा लांब जाते.