‘खट्’ झाले की पुरे



हडपसरच्या गाडीतळावरून सोलापूर रस्त्याने तुम्ही कधी गेला असाल, तर पुण्याकडे येणारे पेट्रोलचे टँकर तुम्हाला हमखास दिसले असतील. जवळच लोणी काळभोर येथे तेल कंपन्यांच्या साठवणुकीच्या मोठमोठ्या टाक्या आहेत. मुंबईहून पुणेमार्गे सोलापूरला गेलेली हिंदुस्तान पेट्रोलियमची 508 किलोमीटर लांबीची नळवाहिनीही लोणीवरूनच जाते. एवढा प्रवास करून पेट्रोल आपल्या गाडीपर्यंत येते. वाटेत ते सांडू नये म्हणून किती माणसे आणि किती यंत्रे डोळ्यांत तेल घालून पहारा करीत असतात! आणि अगदी शेवटच्या वीतभर अंतरात, म्हणजे पंपाच्या तोटीपासून गाडीच्या टाकीपर्यंत, आपण ते सांडतो. आज मला तुमच्याशी याच वीतभर अंतराविषयी बोलायचे आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी कॉलेज आटोपून मी हडपसरमधल्या एका पंपावर स्कूटर थांबवली आणि “फुल करा” म्हटले. थोड्या वेळाने तोटीतून ‘खट्’ असा आवाज आला आणि पेट्रोल आपोआप थांबले. यंत्रावर आकडा होता 468 रुपये 40 पैसे. “सर, राउंड फिगर करू का?” पंपावरच्या मुलाने विचारले. “करा पाचशे,” मी म्हणालो. त्याने तोटी थोडी वर उचलली आणि बारीक धारेने पेट्रोल सोडू लागला. फेस वर आला, थोडे पेट्रोल बाहेर ओघळले, त्याने ते फडक्याने पुसले. मी घरी येऊन स्कूटर उन्हातच बाजूच्या स्टँडवर तिरकी लावली.

दुपारी माझी सातवीतली मुलगी धावत वर आली. “बाबा, आपल्या स्कूटरखाली ओलं झालंय. पेट्रोलचा वास येतोय.” खाली जाऊन पाहतो तो टोपणाच्या कडेने पेट्रोल झिरपत होते. आणि चार पावलांवर आमचे वॉचमनकाका विडी शिलगावण्याच्या बेतात होते! मी ओरडून त्यांना थांबवले. पुढे काही झाले नाही. परंतु त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली. वर्षानुवर्षे मी वर्गात द्रवांचे प्रसरण शिकवतो, फळ्यावर सूत्र लिहितो, उदाहरणे सोडवून घेतो. आणि तेच सूत्र माझ्या स्कूटरच्या टाकीलाही लागू आहे, हे पंपावर उभा असताना माझ्या मनातही आले नाही.

आता ते गणित आपण करूच. पेट्रोलचा घनीय प्रसरणांक अंशाला सुमारे 0.00095 आहे. पाण्याच्या साधारण चौपटीहून हा अधिक आहे. आजकाल पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात, पण त्याने या आकड्यात फारसा फरक पडत नाही. पंपावरचे पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असल्याने थंड असते. ते 28 अंश सेल्सियसला होते असे समजू. पुण्याच्या मे महिन्यातल्या उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या टाकीत ते सहज 43 अंशांपर्यंत तापू शकते. म्हणजे फरक 15 अंशांचा. टाकीत 5 लिटर, म्हणजे 5000 मिलिलिटर पेट्रोल असेल, तर

5000 × 0.00095 × 15 = सुमारे 71 मिलिलिटर.

तुमच्यापैकी कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल, “सर, पत्र्याची टाकीही तापून मोठी होईलच की!” खरे आहे. पण पोलादाचा घनीय प्रसरणांक आहे फक्त 0.000036. म्हणजे टाकीत जास्तीची जागा होईल जेमतेम 3 मिलिलिटर. उरलेले 68 मिलिलिटर पेट्रोल, एका कटिंग चहाएवढे, कोठे जाईल? टाकीत रिकामी जागा असेल तर तेथे जाईल. नसेल तर बाहेर येईल. 40 लिटरची टाकी असलेल्या मोटारीसाठी हेच गणित करून पाहा. उत्तर अर्ध्या लिटरहून अधिक येते.

गाडी बनवणाऱ्या इंजिनियरांना हे गणित ठाऊक असते. म्हणून टाकीची जी क्षमता पुस्तिकेत छापलेली असते, तिच्याही वर थोडी जागा ते मुद्दाम मोकळी ठेवतात. ही जागा पेट्रोलसाठी नाहीच. ती त्याच्या फुगण्यासाठी आणि वाफेसाठी आहे. यावरून पंपांवर नेहमी एक भांडण होते. “माझ्या गाडीची टाकी 40 लिटरची, मग यात 43 लिटर कसे मावले? मापात पाप आहे!” दर वेळी पाप मापात नसते. ते कधीकधी गळ्यापर्यंत टाकी भरण्याच्या आपल्या हट्टात असते. मापाविषयी खरेच शंका आली, तर पंपावर 5 लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते. त्यात पेट्रोल मोजून दाखवा, असे म्हणण्याचा प्रत्येक ग्राहकाला अधिकार आहे. 5 लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमाने चालतो, त्याहून अधिक नाही.

ही मोकळी जागा राखण्याचे काम करतो तो ‘खट्’ आवाज. त्यामागचे यंत्र मला फार आवडते, कारण त्यात वीज नाही, बॅटरी नाही, संगणक नाही. आहे ते शाळेतलेच भौतिकशास्त्र. तोटीच्या टोकाशी एक लहान भोक असते. त्या भोकातून एक बारीक नळी तोटीच्या आतून मुठीपर्यंत जाते. मुठीत पेट्रोलचा मार्ग एका जागी अरुंद केलेला असतो. अरुंद जागेतून द्रव वेगाने वाहतो आणि जेथे वेग वाढतो तेथे दाब कमी होतो. ही गोष्ट बर्नोलीने 1738 मध्ये आपल्या ग्रंथात मांडली आणि व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञाने 1797 मध्ये अरुंद नळ्यांवर प्रयोग करून तिचे वर्णन केले. तुमच्या घरच्या गॅसच्या शेगडीतही असेच काहीसे घडते. बारीक छिद्रातून जोराने निघालेला गॅस बाजूच्या भोकांतून हवा आपल्याबरोबर ओढून घेतो.

तोटीतही पेट्रोल वाहू लागले, की कमी दाबामुळे त्या बारीक नळीतून हवा ओढली जाते. टाकीत हवा आहे तोवर काही बिघडत नाही. पण पेट्रोल वर चढून त्याने टोकाचे भोक झाकले, की हवेची वाट बंद होते. मुठीतला दाब एकदम उतरतो, तेथला एक लवचीक पडदा ओढला जातो, त्याला जोडलेला खटका सुटतो आणि स्प्रिंगच्या जोराने झडप बंद होते. तोच ‘खट्’! नळीने सरबत पिताना तोंडाशी बोट लावल्यासारखेच हे आहे.

आता माझ्या स्कूटरकडे परत या. त्या मुलाने तोटी वर उचलली, म्हणजे नेमके काय केले? टोकाचे भोक टाकीच्या तोंडाबाहेर काढले. आता पेट्रोल काठोकाठ आले तरी ते भोकापर्यंत पोहोचणारच नाही. पहारेकऱ्याचे डोळे बांधून आपण त्याला पहाऱ्यावर उभे केले! मोटारीला लांब गळा असतो, त्यामुळे तोटी आत नीट बसते. स्कूटरची टाकी सीटखाली उघडी, गळा आखूड, आणि “दिसू दे किती भरलं ते” असा आपला आग्रह. म्हणून दुचाकीवर सांडण्याचे प्रकार जास्त होतात.

“पण खटका कधीकधी लवकर पडतो त्याचे काय?” हा आक्षेप रास्त आहे. पेट्रोलला फेस येतो, धार जोरात असली तर ते भिंतीवर आपटून उलट उसळते आणि भोक झाकते. शिवाय टाकीत पेट्रोल जायचे तर आतली हवा बाहेर यावी लागते. अरुंद तोंडाची बाटली पाण्यात बुडवली की ती बुडबुड करीत कशी अडखळत भरते, ते आठवा. टाकी अर्धीच भरलेली असताना खटका पडला, तर तोटी नीट आत बसवून, धार कमी करून पुन्हा सुरू करणे योग्यच आहे. परंतु टाकी भरत आली असताना पडलेला खटका हा शेवटचा शब्द समजावा. त्यापुढे पाच-दहा रुपयांचा आकडा जुळवण्यासाठी तोटी दाबणे हे माझ्या मते चूक आहे, आणि पंपावरच्या माणसाइतकेच, किंबहुना त्याच्याहून अधिक, आपण ग्राहक त्याला जबाबदार आहोत.

कारण ‘राउंड फिगर’ हवी कोणाला होती? सुट्ट्या पैशांची चणचण असे, त्या काळी या सवयीला काही अर्थ होता. आज बहुतेक जण मोबाईलवरून पैसे देतात. 468 रुपये 40 पैसे अगदी पैशासकट देता येतात. कारण गेले, सवय मात्र राहिली. नोटा द्यायच्या असतील तर आधीच “चारशेचे भरा” असे सांगावे. मग प्रश्नच उरत नाही.

सांडलेल्या पेट्रोलचे नुकसान केवळ पैशांचे नाही. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चारपट जड असते, त्यामुळे ती उडून न जाता जमिनीलगत पसरते. उणे 40 अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेट्रोलवर पेट घेण्याजोगी वाफ तयार होते. मग आपल्या उन्हाळ्याची काय कथा! पेट्रोलमध्ये बेंझीन असते. नियमाप्रमाणे ते एक टक्क्याच्या आतच असावे लागते, पण बेंझीनने कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झाले आहे. आपण पंपावर पाच मिनिटे थांबतो. तोटी हातात धरणारी मुले-मुली तेथे दिवसभर उभी असतात. टाकीत 5 लिटर पेट्रोल गेले की सुमारे 5 लिटर वाफाळ हवा त्यांच्या तोंडासमोर बाहेर पडते, हेही तुम्ही आता स्वतः सांगू शकाल. ही वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा मोठ्या शहरांतल्या पंपांवर बसवली जात आहे. पण तोटी उचलून धरली तर ती तरी काय करणार? मोटारींत आणि नव्या दुचाकींत टाकीतली वाफ शोषून घेण्यासाठी कोळशाची एक डबी असते. गळ्यापर्यंत भरलेले पेट्रोल तिच्यात शिरले, तर तीही निकामी होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दर उन्हाळ्यात मोबाईलवर एक संदेश फिरतो की, टाकी पूर्ण भरू नका, उन्हाने गाडीचा स्फोट होईल. ही अफवा आहे. इंडियन ऑइलने 2022 मध्ये तसा जाहीर खुलासाही केला होता. उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कोणत्याही ऋतूत खुशाल भरावी. आपोआप पेट घेण्यासाठी पेट्रोलला सुमारे 250 अंशांहून अधिक तापमान लागते, ते उन्हाने येत नाही. धोका पूर्ण भरलेल्या टाकीत नाही, तर मर्यादेपलीकडे भरून बाहेर आलेल्या पेट्रोलात आणि जवळच्या ठिणगीत आहे. अफवा आणि बेफिकिरी या दोहोंवरही औषध एकच, ते म्हणजे नीट समजून घेणे.

खटक्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचे मोठे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. 11 डिसेंबर 2005 रोजी बन्सफील्ड येथील तेलसाठ्यात एका प्रचंड टाकीत नळवाहिनीतून पेट्रोल भरले जात होते. पातळी दाखवणारा मापक पहाटे अडकून बसला. टाकी भरत असूनही काटा स्थिर! अशा वेळी पुरवठा तोडण्यासाठी एक स्वतंत्र खटका बसवलेला होता, परंतु तो काम करील अशा स्थितीत नीट ठेवलेलाच नव्हता. अडीच लाख लिटरांहून अधिक पेट्रोल टाकीवरून ओसंडले, त्याच्या वाफेचा ढग जमिनीलगत पसरला आणि सकाळी 6 वाजून 1 मिनिटाने स्फोट झाला. 43 जण जखमी झाले. रविवारची पहाट होती म्हणून जीवितहानी टळली. आग कित्येक दिवस धुमसत होती. स्कूटर आणि ती टाकी यांत फरक आकाराचा आहे, नियम एकच.

तुम्ही अजून गाडी चालवत नाही, पण गाडीजवळ उभे तर असता! यापुढे बाबा, आई किंवा दादा पंपावर “अजून थोडे” म्हणाले, तर त्यांना आदराने, पण स्पष्टपणे सांगा, “खट् झालं, आता पुरे.” ते ऐकणार नाहीत अशी शंका असेल, तर घरी हा प्रयोग दाखवा. एका काचेच्या बाटलीत रंगीत पाणी काठोकाठ भरा, झाकणाला भोक पाडून त्यात सरबताची नळी घट्ट बसवा आणि बाटली कोमट पाण्यात ठेवा. नळीत पाणी चढताना दिसेल. पाण्याने एवढे, तर चौपट फुगणाऱ्या पेट्रोलने किती, हे त्यांनाच विचारा. पेट्रोल घेऊन मात्र कोणताही प्रयोग कधीही करू नका.

माझ्यापुरते सांगतो. त्या दुपारनंतर मी पंपावर विषम आकड्यांचे पैसे देतो. परवा तोच मुलगा भेटला. खटका पडताच त्याने सवयीने तोटी उचलली, माझ्याकडे पाहिले आणि मी मान हलवताच ती परत जागेवर ठेवली. “चारशे बारा रुपये सत्तर पैसे, सर,” तो म्हणाला. मी तेवढेच दिले. मागच्या सीटवर बसलेल्या मुलीने टोपण घट्ट लागले आहे ना, ते दोनदा पाहिले.