गाऊन दाखव, की शिकून दाखव?

बारावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या गाणे शिकवणाऱ्यांच्या घरी दरवर्षी एक ठरावीक प्रसंग घडतो. एखादी मुलगी आईवडिलांना घेऊन येते; की आईवडील तिला घेऊन येतात, हे नीटसे कळत नाही. चहा होतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात आणि मग वडील घसा खाकरून मूळ विषयावर येतात. ‘‘बाई, ही म्हणते गाण्यातच पुढे जायचं. आमची ना नाही. फॉर्म आणलाय. आता त्या प्रवेश चाचणीला काय गायचं, तेवढं तुम्ही बसवून द्या.’’

‘बसवून द्या’ हा आपल्याकडचा मोठा सोयीचा शब्द आहे. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, स्नेहसंमेलनातला नाच बसवतो. मग गाणे का बसवू नये? गेली तीस वर्षे मी ते इमानेइतबारे बसवून देत आले. यात काही चुकते आहे असे कधी मनातही आले नाही. ते कसे आले, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी एका निवासी संगीत संस्थेच्या चाचणीला बसली. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, मुलीचे तर नाहीच. आवाज गोड, सुराला पक्की, मध्यमापर्यंतच्या सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात. आम्ही बागेश्री निवडला आणि आठ महिने दुसरे काही केले नाही. विलंबित एकतालातला ख्याल, त्याला जोडून तीनतालातली द्रुत चीज. कोणता आलाप कितव्या आवर्तनात घ्यायचा, कोणती तान कोणत्या मात्रेवरून उचलायची, हे सगळे वहीत लिहिलेले. घड्याळ लावून बरोबर बारा मिनिटे. शेवटी शेवटी तर ती झोपेतून उठवली तरी तो बागेश्री जसाच्या तसा गायली असती.

चाचणीच्या दिवशी आम्ही रात्रीच्या एस.टी.ने पोहोचलो. व्हरांड्यात पंधरावीस मुले बसली होती आणि तितक्याच मोबाइलांमधून वेगवेगळ्या पट्ट्यांतले तानपुरे वाजत होते. कुणी ज्येष्ठमध चघळत होते, कुणाची आई फायलीतली प्रमाणपत्रे पुन्हा पुन्हा लावून ठेवत होती. आमचीही फाईल चांगली जाडजूड होती. बरोबर आलेल्या शिक्षकांना हॉलमध्ये मागे बसायची परवानगी होती, म्हणून पुढचे सारे मला पाहायला मिळाले.

ती उत्तम गायली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. तिघा परीक्षकांपैकी दोघांनी मान डोलावली. तिसरे, वयाने सगळ्यांत ज्येष्ठ असलेले गृहस्थ, काही लिहीत नव्हते. ते म्हणाले, ‘‘छान हं. आता मी म्हणतो ते माझ्यामागून म्हण.’’ आणि त्यांनी रागेश्रीतली एक छोटीशी जागा म्हटली.

गाणे न शिकलेल्या वाचकांसाठी सांगते. बागेश्री आणि रागेश्री ही अगदी शेजारची घरे. दोन्हींत मध्यम-धैवताचा दबदबा आहे, दोन्ही रात्रीचे राग. पण बागेश्रीचा गंधार कोमल, तर रागेश्रीचा शुद्ध. त्या एका सुराने सगळा रंग पालटतो. त्या गृहस्थांनी म्हटले होते ते ‘म ग, म रे सा’ असे, अगदी सरळ. तिने तेच म्हटले, पण गंधार कोमल लावून. त्यांनी पुन्हा म्हटले. तिने पुन्हा बागेश्रीच म्हटला. तिसऱ्यांदा ते गंधारावर मुद्दाम थांबले. तिने मान हलवली, डोळे मिटले आणि आठ महिन्यांच्या सवयीने गळा पुन्हा त्याच खाचेत जाऊन पडला. ‘‘असू दे, बेटा,’’ ते म्हणाले.

तिच्यानंतर एक मुलगा आला. खेड्यातला, भजनी मंडळात गाणारा. आवाज फुटलेला, ताना ओबडधोबड, लय मधूनच पळणारी. त्यालाही त्यांनी तीच जागा दिली. पहिल्यांदा तो चुकला. दुसऱ्यांदा म्हणण्याआधी तो क्षणभर गप्प बसला, ओठांतल्या ओठांत काहीतरी करून पाहिले आणि मग म्हटले. गंधार लागला. तिसऱ्यांदा तर त्याने ती जागा अशी म्हटली की तिन्ही परीक्षक हसले. रागाचे नाव काय, हे त्याला ठाऊक नव्हते. निवडलेल्यांच्या यादीत त्याचे नाव होते. माझ्या विद्यार्थिनीचे नव्हते.

परतीच्या प्रवासात ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, ‘‘बाई, ते काय म्हणत होते ते मला ऐकूच आलं नाही. मला सारखं माझंच ऐकू येत होतं.’’

मी काहीच बोलले नाही. त्या मुलीला आठ महिने स्वतःखेरीज दुसरे काही ऐकू न देण्याची तजवीज मीच केली होती!

जुन्या काळी हा प्रश्न असा येत नसे, कारण प्रवेशाची चाचणीच महिनोन् महिने चाले. पंडित भीमसेन जोशी १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर अशी वणवण करून अखेर घराजवळच्या कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे स्थिरावले. घरची कामे करायची, पाणी भरायचे आणि कानावर पडेल ते साठवायचे, हीच त्यांची सुरुवातीची तालीम. गुरू त्या काळात शिष्याला पाहत असे: हा थांबतो का, हा ऐकतो का, काल सांगितलेले आज याच्या गळ्यात उरते का?

हे ऐकताना आपला ऊर भरून येतो. पण मला त्या व्यवस्थेचे गोडवे गायचे नाहीत. अकराव्या वर्षी घर सोडून आगगाडीने फिरणे एखाद्या मुलाला शक्य होते. त्या काळातल्या मुलीला होते का? गुरूची मर्जी लागेल की नाही, लागली तर किती वर्षांनी, याचा कुणाला भरवसा? जे टिकले त्यांच्या कथा आपण सांगतो. पाणी भरता भरता परत फिरलेल्यांच्या कथा कोणी लिहून ठेवल्या नाहीत.

म्हणूनच पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ही घटना मला फार मोलाची वाटते. गाणे शिकण्यासाठी शाळा असावी, अभ्यासक्रम असावा, भल्या घरच्या मुलामुलींना तिथे उजळ माथ्याने जाता यावे, हा तो विचार. पंडित भातखंडे यांच्या खटपटीतून १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले. पलुस्कर १९३१ मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षांनी गाणे महाराष्ट्राच्या गावोगावी, मध्यमवर्गीय घरांत नेऊन पोचवले. माझे स्वतःचे पोट त्याच परीक्षांवर चालले आहे. फॉर्म, तारीख, हजेरीचा क्रमांक, भिंतीवर लावलेली यादी या गोष्टी रुक्ष वाटतात खऱ्या. पण त्यांच्यामुळेच कुणाची ओळखपाळख नसलेली मुलगी हॉलच्या आत जाऊन गाऊ शकते. हे दार पुन्हा बंद व्हावे असे मला मुळीच वाटत नाही.

मात्र दार आले की दारावरची मोजपट्टीही येते आणि मोजपट्टीचा स्वभाव असा, की जे सहज मोजता येते तेवढेच ती मोजते. हा दोष काही केवळ आपल्याकडचा नाही. इटलीतल्या मिलान शहरात १८३२ मध्ये जुझेप्पे व्हेर्दी नावाचा अठरा वर्षांचा तरुण तिथल्या संगीत विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसला. त्याला नाकारण्यात आले. वय मर्यादेपेक्षा जास्त, रहिवासी दुसऱ्या राज्याचा आणि पियानोवर हात ठेवण्याची पद्धत सदोष. त्याने खाजगी शिकवणी लावली आणि पुढे तो इटलीचा सर्वांत मोठा ऑपेरा-रचनाकार झाला. आज ते विद्यालय त्याच्याच नावाने ओळखले जाते!

ही गोष्ट सांगून नापास झालेल्या प्रत्येकाला ‘तूही व्हेर्दी होशील’ असा दिलासा देण्यात अर्थ नाही. नाकारलेल्या शंभरांतले नव्वद कदाचित योग्य कारणासाठीच नाकारले जात असतील. पण त्या परीक्षकांनी पाहिले काय? त्या हातांना तोवर लागलेली सवय. तो हात चांगल्या शिक्षकाखाली चार वर्षांत कुठवर जाईल, हे अजमावायचे राहून गेले.

आणि संस्थेत प्रवेश द्यायचा तो शिकण्यासाठीच ना? ज्याला येते त्याला बक्षीस द्यायला स्पर्धा आहेत, ज्याने अभ्यासक्रम पुरा केला त्याला प्रमाणपत्र द्यायला परीक्षा आहेत. प्रवेश चाचणीचे काम या दोहोंहून वेगळे आहे. तिथे प्रश्न एकच: या मुलाला आम्ही शिकवले, तर तो शिकेल का? त्याचे उत्तर काढायचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे त्याला थोडे शिकवून पाहणे. त्या ज्येष्ठ गृहस्थांनी जे केले ते हेच. दुर्दैव असे, की मी पाहिलेल्या बहुतेक चाचण्यांत हा भाग वेळ उरला तर होतो. बारा मिनिटे बसवलेला राग, दोन मिनिटे आरोह-अवरोह आणि तालाची दुगुन, की ‘पुढचा क्रमांक’!

अलीकडे पहिल्या फेरीसाठी ध्वनिमुद्रण किंवा व्हिडिओ मागवण्याची पद्धत रूढ होते आहे. लांबच्या मुलांचे गाडीभाडे वाचते, ही सोय मोठी आहे. पण विसाव्या प्रयत्नात साधलेले मुद्रण म्हणजे ‘बसवण्या’चा कळसच. चाळणी म्हणून ते वापरावे. निवड मात्र समोर बसवून, आणि निदान अर्धा वेळ शिकवून, व्हावी.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो खोटा नाही. पाच मिनिटांत उचलतो तो चलाख. पण गाणे हा चलाखांचाच प्रांत आहे का? काही मुले सावकाश शिकतात आणि शिकलेले जन्मभर विसरत नाहीत. घाबरलेल्या मुलाला तर आपले नावही आठवत नाही. मान्य. म्हणून माझी सूचना अशी, की चाचणी दोन दिवसांची ठेवावी. आज एक चीज शिकवावी, उद्या सकाळी ती ऐकावी. मधली रात्र ज्याची त्याची. कोण किती उचलतो यापेक्षा कोण काय घेऊन परत येतो, हे त्यातून कळेल. संस्थांना खर्च वाढेल, परीक्षकांचा एक दिवस जास्त जाईल. पण चार-पाच वर्षे ज्याला सांभाळायचे, त्याच्यासाठी एक दिवस फार झाला काय?

संस्थांना शहाणपण शिकवून मोकळे होणे सोपे आहे. माझ्या घरातले काय? त्या प्रवासानंतर मी क्लासमध्ये एक नियम केला. शनिवारी वह्या मिटायच्या, मोबाइल पिशवीत ठेवायचे. मी कोणाला माहीत नसलेल्या रागातली एखादी जागा म्हणते. मुलांनी आधी नुसते ऐकायचे आणि सांगितल्यावर म्हणायचे. लिहायचे नाही, मुद्रण करायचे नाही. सुरुवातीला पालक कुरकुरले, ‘‘परीक्षेला हे विचारतात का?’’ काही मुले दुसऱ्या क्लासला गेली. जी राहिली त्यांच्या ताना आधीच्या मुलांइतक्या सफाईदार नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण ती चुकतात तेव्हा त्यांना ते कळते.

माझी ती विद्यार्थिनी त्या पावसाळ्यात गायली नाही. दिवाळीनंतर एक दिवस आली आणि म्हणाली, ‘‘बाई, रागेश्री शिकवा.’’ दोन महिने लागले तिचा गंधार सुटायला. आता ती नोकरी करते, गुरुवारी संध्याकाळी येते आणि कुठलीही जागा दुसऱ्या खेपेला नेमकी म्हणते. प्रवेशाचा फॉर्म तिने पुन्हा भरला नाही. मी दोनदा सुचवून पाहिले, तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

परवा पुन्हा एक कुटुंब आले होते. तोच चहा, तोच फॉर्म, तेच ‘बसवून द्या’. मी वडिलांना म्हटले, ‘‘फॉर्म जरूर भरा. पण आज हिला दोन तास इथे ठेवून जा. हिला काय येतं ते नंतर बघू. आधी हिला ऐकू किती येतं ते बघते.’’

ते जरा नाराजच झाले. मुलगी मात्र चप्पल काढून आत येऊन बसली.