घरखात्यातले गाणे

एक विधान अलीकडे आपल्या अभ्यासशिबिरांतूनही इतक्या सहजपणे केले जाऊ लागले आहे की त्याची झडती घेणे आवश्यक झाले आहे. ध्वनिमुद्रणाची साधने स्वस्त झाली, स्टुडिओवाल्यांची मक्तेदारी मोडली, कलावंत स्वतःच्या घरी गाणे मुद्रित करून जगापुढे ठेवू लागला. सबब उत्पादनाचे साधन श्रमिकाच्या हाती आले, असे ते विधान. एका तरुण साथीने तर डॉ. लोहियांनी १९५२ साली पचमढीला मांडलेली लहान यंत्राची कल्पना संगीताच्या क्षेत्रात प्रत्यक्षात उतरल्याचे जाहीर करून टाकले. भांडवली वृत्तपत्रांनी असा हर्ष व्यक्त करावा हे समजू शकते. समाजवाद्यांनी करावा हे समजत नाही.

यातील पहिला भाग खरा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पूर्वी झाडीपट्टीतल्या गायकाला आपला आवाज तबकडीवर वा ध्वनिफितीवर उतरवायचा तर नागपूर नाहीतर मुंबई गाठावी लागे आणि तासाच्या हिशोबाने भाडे मोजावे लागे. आज एक मायक्रोफोन, तो संगणकाला जोडणारी इंटरफेस नावाची छोटी पेटी आणि एक हेडफोन एवढा संच, संगणक घरात असल्यास, पंचवीस-तीस हजारांत जमतो. ऑडॅसिटीसारखी ध्वनिसंपादनाची आज्ञावली २००० सालापासून विनामूल्य मिळते. (हाताने घडवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी नाही, पण त्यांचा आवाज टिपणाऱ्या मायक्रोफोनवर तो १८ टक्के आहे. डफ करमुक्त आणि डफाचा आवाज करपात्र!)

उरते ते कसब, आणि ते पैशाने विकत मिळत नाही, शिकावे लागते. दुकानदार महागडा कंडेन्सर मायक्रोफोन गळ्यात मारतो. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा विद्युतपुरवठा लागतो, आणि तो गायकाच्या श्वासाबरोबर शेजारच्या शेतातला पंप आणि पत्र्यावरचा पाऊसही तितक्याच निष्ठेने टिपतो. पत्र्याच्या छपराच्या घरात साधा डायनॅमिक मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरला तर पुष्कळदा अधिक स्वच्छ काम होते. सिमेंटच्या भिंतींवरून परतणारा आवाज गोधड्या टांगून शोषून घेता येतो. आपल्या धानाच्या मुलखात तर याहून उत्तम सोय आहे. मी ऐकलेल्या चांगल्या घरगुती मुद्रणांपैकी एक, धानाची पोती छातीइतकी रचून केलेल्या आडोशात झाले होते. वीजजोडणीतील दोषामुळे गुणगुण ऐकू येत असेल तर संगणक बॅटरीवर चालवावा. २४ बिटमध्ये मुद्रण करताना पातळीचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राखावा. काठोकाठ भरलेला आवाज एकदा फाटला की शिवता येत नाही. दंडारीची लय उत्तरोत्तर चढत जाते. तिला ठोक्याच्या यंत्राला जुंपू नये, आणि परदेशी कंपनीने डबाबंद करून विकलेला ढोल आपल्या ढोलकीच्या जागी बसवू नये. हे ज्ञान आज आपल्या जिल्ह्यातील मुले एकमेकांकडून शिकत आहेत. भजने, भीमगीते, खडी गंमत, पोवारी आणि गोंडी गाणी अशी घराघरांतून मुद्रित होत आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

मग आक्षेप कशाला? आक्षेप 'सबब' या शब्दाला आहे.

गोंदियाच्या वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. विडीचा धंदा या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या घरखात्यावर चालत आला. बाई स्वतःच्या घरी, स्वतःच्या ओसरीत, स्वतःची कात्री घेऊन बसते. वेळ तिचा, हात तिचे, साधन तिचे. तरीही तिला मालक म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केले नाही, कारण तेंदूपान आणि तंबाखू ठेकेदाराकडून येतो, तयार विडी त्याच्याकडेच जाते, हजारी दर तो ठरवतो, आणि छाट म्हणून कोणत्या विड्या बाजूला काढायच्या हेही तोच ठरवतो. कारखान्याची भिंत पाडून काम घरी नेल्याने कामगार मुक्त झाला नाही. मालकाचे भाडे, दिवाबत्ती आणि जबाबदारी तेवढी वाचली. म्हणूनच १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानले. कारखानदार न्यायालयात गेले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला.

घरगुती ध्वनिमुद्रणाची गोष्ट याच वळणाची आहे. खोली कलावंताची, वीज त्याची, यंत्र त्याने हप्त्यावर घेतलेले. पण गाणे लोकांपर्यंत जाण्याची वाट त्याची नाही. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर साध्या चित्रफितींसाठी १००० वर्गणीदार आणि बारा महिन्यांत ४००० तासांचे प्रेक्षण ही अट आहे. स्पॉटिफाय या कंपनीने २०२४ पासून ठरवले की मागील बारा महिन्यांत ज्या गाण्याला १००० श्रवणे मिळाली नाहीत त्याला मोबदला नाही. ही रक्कम कंपनी स्वतःकडे ठेवत नाही, असा खुलासा करण्यात आला. ती सामाईक निधीत राहते आणि अधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांना वाटली जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या खुलाशापाशी थांबावे. गरिबांची चिल्लर गोळा करून श्रीमंतांच्या ताटात वाढण्याची एवढी निर्व्याज कबुली सहसा मिळत नाही. ठेकेदार छाट काढताना निदान विडीतला दोष दाखवतो. इथे दोष एवढाच की गाणे सालेकसा तालुक्यातल्या बोलीत आहे आणि ती बोलणारे कोट्यवधी नाहीत.

लोहियांचे लहान यंत्र म्हणजे आकाराने लहान वस्तू नव्हे. उत्पादनाबरोबर निर्णयाचेही विकेंद्रीकरण हा त्यांच्या विचाराचा प्राण होता. यंत्र मांडीवर मावते आणि बाजार चार कंपन्यांच्या मुठीत मावतो, ही अवस्था त्यांच्या नावावर खपवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

हा प्रवाह नवा नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानचा आवाज मुद्रित झाला तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून परत इथे विकल्या जात. त्या तबकड्या लाखेच्या असत; आणि लाख तर पळस आणि कुसुमाच्या झाडांवरून आपल्यासारख्या जंगलमुलखातील माणसे खरवडून काढीत. म्हणजे लाखही आपली, गळाही आपला, नफा तेवढा परका. दादाभाईंना संपत्तीच्या अपहरणासाठी याहून नेमके उदाहरण मिळाले नसते. पुढे १९८० च्या दशकात कॅसेटने जुन्या कंपनीची मक्तेदारी मोडली, लोकगीतांना खरोखर वाव मिळाला, आणि पाहता पाहता नव्या मक्तेदाराचे नाव जुन्याच्या पाटीवर लागले.

तरीही घरगुती मुद्रणात एक गोष्ट अशी आहे जी विडी वळणाऱ्या बाईजवळ कधी नव्हती, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी ती समजून घेतली पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि निर्माता म्हणजे मुद्रणासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती. ज्याने पोती रचली, यंत्र आणले आणि मुद्रण केले तो कलावंत कायद्याने त्या मुद्रणाचा मालक असतो. प्रकाशनानंतर साठ वर्षे. पारंपरिक गाण्याच्या बाबतीत तर हीच त्याची एकमेव मालमत्ता. शब्द कोणाचे नाहीत, चाल कोणाची नाही, सगळी समाजाची. हक्क सांगता येतो तो त्या मुद्रणावर आणि त्यातल्या आपल्या गायनावर.

आणि नेमकी हीच मालमत्ता पाचशेच्या स्टँपपेपरवर निघून जाते. एका भजनी मंडळाने सही केल्यानंतर मला वाचायला दिलेला करारनामा इंग्रजीत होता. दहा गाणी, एकरकमी मोबदला, जगभराचे सर्व हक्क, कायमचे, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी. मंडळातील कोणालाही इंग्रजी येत नव्हते.

कायदा इतका दुबळा नाही. १९७७ साली एका निकालाच्या शेवटी न्या. कृष्ण अय्यर यांनी वेगळी टिपणी जोडून गायकाच्या आवाजाला आपल्या कायद्यात संरक्षण नाही याबद्दल खंत व्यक्त केली होती. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंताचा हक्क मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने त्याला व्यापारी वापरातील मोबदल्याचा अधिकार दिला, आणि गीतकार-संगीतकाराचा स्वामित्वधनातील समान वाटा त्याने सही केली तरी विकला जाणार नाही अशी तरतूद केली. करार झाला तेव्हा व्यापारी वापरात नसलेले माध्यम, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, कंपनीला मिळत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. 'कायमचे' आणि 'जगभर' हे दोन शब्द करारात का घुसडलेले असतात, ते यावरून ध्यानात यावे. या तरतुदी आपल्या किती तालुका कार्यालयांत कोणाला ठाऊक आहेत?

इथे आपल्या चळवळीला थोडे कडू ऐकवणे भाग आहे. शाहिरांवाचून आपली एकही मोठी लढाई झाली नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने आणि अमरशेख-अण्णा भाऊंच्या लाल बावटा कलापथकाने जे कार्य केले त्याचे दाखले आपण भाषणांत देतो. पण पुढाऱ्याची मोटार येईपर्यंत गर्दी धरून ठेवायची आणि प्रवासखर्चाचे पाकीट घेऊन निघायचे, हा शाहिराशी आपला व्यवहार राहिला. ध्येयाच्या नावाने फुकट गाऊन घेणारा पक्ष आणि प्रसिद्धीच्या नावाने फुकट गाऊन घेणारी कंपनी यांत कलावंताच्या चुलीच्या दृष्टीने फरक काय? घरगुती मुद्रणाला 'रीलवाल्यांचा धंदा' म्हणून नाक मुरडणाऱ्या ज्येष्ठ साथींनीही याचे उत्तर द्यावे.

१९६६ चा कायदा अमलात येऊ लागताच केरळात कारखानदारांनी विडीचे कारखाने बंद केले, तेव्हा कण्णूरच्या कामगारांनी १९६९ साली दिनेश बीडी ही सहकारी संस्था उभी केली. त्यांनी तंबाखू स्वतः आणला, विडी स्वतःच्या नावाने विकली, आणि धंदा आटू लागल्यावर छत्र्या नि खाद्यपदार्थही काढले. जिल्ह्यातील मंडळांची अशी सहकारी संस्था अशक्य नाही. मुद्रणाचे हक्क कलावंताकडे ठेवावे, संस्थेने फक्त ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा, वितरकांशी एकेकट्या गायकाऐवजी तिने बोलावे. यंत्रसंच प्रत्येक घरात कशाला? आठ तालुक्यांत आठ संच, शासनमान्य वाचनालयाच्या मागल्या खोलीत, धानाच्या पोत्यांसह, पाळीने वापरता येतील. दोन साथींनी ध्वनिमुद्रण शिकावे आणि एका वकील साथीने करार वाचावेत.

धानकापणी आटोपून दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. माघ पौर्णिमेला कचारगडला यात्रा भरते आणि त्या सुमारास गोंडी गाणी मुद्रित करून घेण्यासाठी बाहेरचे लोक गावोगाव फिरू लागतात. ते छापील करारनामे खिशात घेऊनच येतात. त्याआधी निदान देवरी आणि सालेकसा येथे आपल्या कार्यालयात मराठी आणि गोंडीत लिहिलेला एक साधा नमुना-करार टेबलावर असला पाहिजे, आणि तो वाचून दाखवणारा माणूस खुर्चीवर.