पँटचं माप
नाडीपरीक्षा : सेक्टरवासी

लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली हृदयविकाराचा माग काढायला पँटची मापं तपासली. बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचे गणवेश शिवताना नोंदवलेली.

त्याआधी १९५३ मध्ये त्यांनी दाखवलं होतं, की दुमजली बसच्या ड्रायव्हरपेक्षा कंडक्टरला हृदयविकार कमी होतो. बस एकच, धूरही एकच. पण ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर रोज पाच-सातशे पायऱ्या चढणार. एखादा यावरच खूश झाला असता. मॉरिसना शंका आली : ड्रायव्हर मुळातच जाड असले तर? म्हणून ती मापं. आणि खरंच, तरुण ड्रायव्हरांच्याही कमरा कंडक्टरांपेक्षा रुंद निघाल्या! स्वतःच्याच निष्कर्षाला असा सुरुंग लावणारा संशोधक मला जास्त विश्वासाचा वाटतो. मग त्यांनी दिवसभर खुर्चीत बसणारे सुमारे १७ हजार सरकारी नोकर घेतले. फावल्या वेळात दमदार व्यायाम करणाऱ्यांना धोका बराच कमी, हे १९७३ मध्ये छापून आलं.

भिलाईच्या पोलादनगरीत हे सांगायचं कारण, आपल्याकडचा लाडका समज : प्लांटमध्ये घाम गाळतो, आणखी व्यायाम कशाला? अहो, भट्टीपुढचा घाम उष्णतेचा. त्याने हृदयावर ताण येतो, व्यायाम होतोच असं नाही. शिवाय आता कितीतरी कामं कंट्रोल रूममध्ये बसून होतात. खरा व्यायाम होता तो गेटबाहेर. १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली तेव्हाची पिढी प्लांटला सायकलवर जायची. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा. आता त्याच गेटवर मोटरसायकली. सेक्टरांचे रुंद, सावलीचे रस्ते मात्र तसेच आहेत.

१९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांना तपासणारे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट सायकलचे कट्टर प्रचारक होते. मॉरिस स्वतः हॅम्पस्टेड हीथवर पळायचे, तेव्हा लोक वळून बघत. ९९ वर्षं जगले.

मीही परवा माळ्यावरची सायकल काढून मैत्रीबागेपर्यंत गेलो. वाटेत ओळखीच्या दोघांनी स्कूटर थांबवून काळजीने विचारलं, ‘भैया, गाड़ी खराब हो गई क्या?’