घर घेण्याआधी दिवस मोजा

मुंबई-पुण्यातले मध्यमवर्गीय कुटुंब घर शोधायला निघते तेव्हा त्याच्यापुढे दोनच आकडे असतात: बजेट आणि कार्पेट एरिया. त्या आकड्यांत बसणारे घर सापडेपर्यंत ते शहराच्या कडेकडे सरकत राहते. 2001 ते 2011 या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सात टक्क्यांहून अधिक घटली आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची 36 टक्क्यांनी वाढली, त्यात या सरकण्याचाही वाटा आहे. हा शोध चुकीच्या टोकाकडून सुरू होतो, असे माझे ठाम मत आहे. आपल्या घरातल्या माणसांचा दिवस कसा जायला हवा, हे आधी ठरायला हवे आणि फ्लॅट त्यानंतर बघायला हवा. घराच्या आतले बहुतेक सगळे पुढेमागे बदलता येते. ओटा नवा घालता येतो, फरशी बदलता येते, बाल्कनीला खिडक्या लावता येतात. कामाचे अंतर, नळाचे पाणी, नदीची पूररेषा आणि दवाखान्याची वाट मात्र खरेदीखतावर सही झाल्यावर आपल्या हातात राहत नाही. जे बदलता येत नाही, त्याचा विचार आधी व्हायला हवा.

यात सर्वांत कमी लेखला जातो तो वेळ. बदलापूर किंवा विरारहून दक्षिण मुंबईत नोकरीला जाणाऱ्याचे घरापासून कचेरीपर्यंत जाण्यायेण्यात चार तास सहज जातात. तोच प्रवास दीड तासाचा असता, तर वर्षातल्या अडीचशे कामाच्या दिवसांत 625 तास वाचले असते. हे आठ तासांचे 78 कामाचे दिवस झाले. लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या घराने किंवा कमी किमतीने होते, असे आपण गृहीत धरतो. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुत्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीच्या आधारे हे गृहीतक तपासले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भरपाई दिसली नाही. प्रवास जितका लांब, तितके आयुष्याबद्दलचे समाधान कमी आढळले. याचे कारण समजण्यासारखे आहे. जास्तीच्या खोलीची सवय वर्षभरात होते, गर्दीची मात्र कधीच होत नाही. आणि मुंबईत प्रश्न केवळ समाधानाचा नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकून जाणारे प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. घराच्या किमतीत ही जोखीम कुठेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पुणे महापालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली. पत्त्यात पुणे आले, पण त्यातल्या अनेक भागांत पुरेशी जलवाहिनी आली नाही आणि सोसायट्या टँकरवर राहिल्या. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे कळत नाही. ते शेजारच्या जुन्या सोसायटीच्या वार्षिक अहवालात कळते. त्यातल्या खर्चाच्या बाजूला टँकरची रक्कम किती आहे आणि मार्च ते जूनमध्ये ती किती फुगते, हे दहा मिनिटांत वाचून होते. पाण्याच्या टंचाईइतकाच पाण्याचा लोंढाही तपासायला हवा. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी घरांत शिरले. ‘रिव्हर व्ह्यू’साठी जादा पैसे मोजण्याआधी या दोन रेषा नकाशावर पाहणे हे किमान शहाणपण आहे.

प्राधान्यक्रम ठरवायचा तोही घरातल्या प्रत्येकाचा. एकाची नोकरी हिंजवडीत आणि दुसऱ्याची खराडीत असेल, तर पुण्याच्या दोन टोकांपैकी एका टोकाला घेतलेला प्रशस्त फ्लॅट दोघांपैकी एकाचा दिवस खाणार. बऱ्याचदा ती झळ घरातल्या बाईला बसते, कारण प्रवासानंतरची घरकामेही तिच्याच वाट्याला येतात. अशा वेळी मध्यावरचे लहान घर जास्त न्याय्य ठरते. म्हणून सासू-सासरे, नवरा-बायको, मुले अशा प्रत्येकाने ज्यावर तडजोड चालणार नाही अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात आणि मग एकत्र बसून ताडून पाहाव्यात.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: खिशात पैसे नसतील तर कसली निवड? परंतु बजेट तोकडे असले तरी आकार, अंतर आणि मालकी यांपैकी काय सोडायचे, हा निर्णय उरतोच. पैसा कमी असेल तर त्या निर्णयातली चूक जास्त महागात पडते. दुसरा आक्षेप असा की भाडे म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. पुण्यात 80 लाखांच्या फ्लॅटवर सात टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी मिळून 5 लाख 90 हजार रुपये जातात. ते परत येत नाहीत. 64 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार होतो आणि पहिल्या महिन्यात त्यातले 45 हजार निव्वळ व्याज असते. वार्षिक भाडे किमतीच्या तीन टक्के धरले, तर तेच घर महिना वीस हजारांत राहायला मिळते. अकरा महिन्यांच्या करारातली अस्थिरता, मुलांची शाळा, उतारवयातली हक्काच्या छपराची गरज ही खरेदीची खरी कारणे आहेत आणि ती मला मान्य आहेत. मात्र खरेदीआधी त्या भागात एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने काढणे ही त्या लाखांच्या तुलनेत स्वस्त परीक्षा आहे.

तिसरा युक्तिवाद ‘हा भाग पुढे विकसित होणार’ असा असतो. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झाले आणि 2025 उजाडले तरी त्या मार्गावर प्रवासी गाडी धावत नव्हती. जाहिरातीतल्या मेट्रोवर विसंबून घर घेतलेल्यांनी ती सगळी वर्षे वाहतूक कोंडीत काढली. भविष्यातल्या सोयीची किंमत आज मोजू नये. जी बस, जे पाणी, जी शाळा आज आहे, तिच्यावर हिशेब करावा. पुढे काही आले तर तो लाभ समजावा. आपल्या यादीतल्या न सोडता येणाऱ्या गोष्टी त्या जागेत बसत नसतील, तर दर कितीही आकर्षक असला तरी नकार द्यावा. टोकनची रक्कम हातातून जाण्याआधी दिलेला तो नकार वीस वर्षांच्या हप्त्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.